काकूंना लागू पडलेलं इंजेक्शन पोराला का देत नाहीत? (संधिवात आणि इंटरल्युकिन)

जीवशास्त्रवाली (धागाकर्ती)

संधिवाताच्या ओपीडीबाहेर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "त्या बाईंना इंजेक्शन दिलं, महिन्याभरात हिंडाय-फिरायला लागल्या. मग आमच्या पोराला तेच का देत नाहीत?" परवा हे विचारणारे काका गडहिंग्लजकडचे होते. पोरगा पंचविशीतला, कंबर आखडलेली, मान वळवायची तर अख्खं अंग वळवणारा. बाकावर शेजारी बसलेल्या काकूंना रुमॅटॉइड (सांध्यांचं अस्तर सुजवणारा संधिवात). त्यांना टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शननं खरोखरच चांगला गुण आलेला. आपण गरीब दिसतो म्हणून डॉक्टर महागाचं औषध काढत नाहीत, अशी काकांची खात्री झाली होती.

पण यात पैशाचा संबंध नाही. पोराला तेच इंजेक्शन फुकट दिलं असतं तरी कंबर तशीच राहिली असती. बाकावर बसून पाच मिनिटांत सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि मला स्वतःला रुमॅटॉइड आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस-बिस मला विचारू नका.

इंटरल्युकिन म्हणजे पांढऱ्या पेशींनी (आणि इतरही बऱ्याच पेशींनी) एकमेकींना धाडलेले प्रथिनांचे निरोप. हे नाव १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ठरलं; तोवर एकाच रेणूला प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या नावानं हाक मारायची. मग नंबर पडत गेले, आता ते चाळीसच्या घरात आहेत. नंबराचा आणि महत्त्वाचा काही संबंध नाही. सांधेवाल्यांनी लक्षात ठेवावेत असे चारच: १, ६, १७ आणि २३. जोडीला टीएनएफ नावाचा एक रेणू. तो या नंबरांत बसत नाही, पण काम त्याच जातीचं करतो.

वर्गात मी हे तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून सांगते. ग्रुपवर मेसेज पडतो, "चौकात राडा झालाय, या." पोरं धावतात. एरवी राडा खरा असतो (जंतू, जखम), मिटतो, पोरं घरी जातात. संधिवातात राडा कधीच मिटलेला असतो किंवा झालेलाच नसतो, पण मेसेज फॉरवर्ड होत राहतो, आणि जमलेली पोरं चौकातली आपलीच दुकानं फोडत सुटतात. दुकान म्हणजे सांधा. आता कुठल्या ग्रुपवर कुठला मेसेज फिरतोय हे कळल्याशिवाय मोबाईल कुणाचा काढून घ्यायचा?

रुमॅटॉइडमध्ये सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, जाड होतं आणि कूर्चा-हाड पोखरत जातं. तिथे जोर टीएनएफचा आणि सहा नंबरचा. सहा नंबर सांध्यात गप बसत नाही. रक्तातून यकृतात जाऊन सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं प्रथिन) बनवायला लावतो. आपण दर खेपेला जी सीआरपी तपासतो ती बरीचशी त्याच्याच हुकमानं बनलेली असते. यकृताकडूनच तो हेप्सिडिन नावाचं संप्रेरकही वाढवून घेतो. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह आत येईना होतं आणि साठ्यातलं लोह बाहेर निघेना होतं. माझं हिमोग्लोबिन साडेनवाच्या पुढं सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, गूळ-शेंगदाणे झाले (कोल्हापुरात गूळ कमी पडायचं कारणच नाही), आणि फेरिटिनच्या (साठ्यातलं लोह दाखवणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात आकडा मात्र भरपूर. सांध्याचं औषध लागू पडलं तसं हिमोग्लोबिन आपसूक वर आलं. लोह कमी नव्हतंच, कोंडलेलं होतं.

सकाळच्या आखडण्याचंही तेच. पहाटे बोटं वळत नाहीत, ब्रशवर पेस्ट घ्यायला ट्यूब दोन्ही तळव्यांत दाबावी लागते, आणि अकराच्या तासाला त्याच हातांनी मी फळाभर आकृती काढते. बघणाऱ्याला ढोंग वाटावं अशीच गोष्ट आहे. पण या आजारात रक्तातलं सहा नंबरचं प्रमाण उत्तररात्री चढायला लागतं, पहाटे सगळ्यात जास्त असतं आणि दिवस वर येईल तसं उतरतं. घरात कुणी "दुपारी तर बरी होतीस की" म्हणत असेल तर त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

ओसाका विद्यापीठातल्या तादामित्सु किशिमोतो आणि तोशियो हिरानो यांच्या गटानं १९८६ साली सहा नंबरचं जनुक वेगळं काढलं. त्या कामातून पुढे टोसिलिझुमॅब आलं. ते सहा नंबरला पकडत नाही, तो जिथं जाऊन बसतो ती पेशीवरची जागाच अडवून धरतं. म्हणजे मेसेज फिरतो, उघडता कुणाला येत नाही. जपानमध्ये २००५ साली कॅसलमन नावाच्या दुर्मिळ आजारासाठी परवानगी, २००८ साली रुमॅटॉइडसाठी, अमेरिकेत २०१०. आपल्याकडे हे नाव घराघरात पोचलं ते २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत, "टोसी कुठं मिळंल का" म्हणून मध्यरात्री फोन फिरत होते तेव्हा. तेच हे औषध.

आता काकांचा पोरगा. त्याचा आजार अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. त्यात गडबड सुरू होते ती स्नायूंचे आणि सांध्यांचे बंध हाडाला जिथं चिकटतात तिथं, आणि तिथला मेसेज १७ नंबरचा. या आजारात टोसिलिझुमॅबची रीतसर चाचणी झाली होती. नकली औषधापेक्षा ते सरस ठरलं नाही. सहा नंबर अडवणाऱ्या सारिलुमॅबचीही तीच गत झाली. उलट १७ नंबर अडवणारं सेक्युकिनुमॅब लागू पडलं आणि २०१६ साली अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं. हेच औषध रुमॅटॉइडवर मात्र फिकं पडतं. तेव्हा काकूंचं पोराला नाही, आणि पोराचं काकूंना नाही.

याहून मजेशीर गोष्ट २३ नंबरची. १७ बनवणाऱ्या पेशींना पोसायचं काम २३ करतो. मग २३ अडवला की कंबर सुटायला हवी, नाही का? उस्तेकिनुमॅब आणि रिसान्किझुमॅब, दोन्ही तपासून झाली. मणक्यावर काही उपयोग नाही. सोरायसिसच्या चट्ट्यांवर मात्र हीच औषधं जबरदस्त, आणि सोरायसिससोबतच्या सांधेदुखीतही चालतात. मणक्याच्या बंधांजवळच्या काही पेशी २३ ची वाट न बघता स्वतःच १७ बनवतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पुस्तकातली साखळी कागदावर कितीही पटली तरी माणसावर तपासल्याशिवाय औषध ठरत नाही, हे मी पोरांना या उदाहरणावरून सांगते.

१ नंबरबद्दल कुणी गाऊटचा (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधा पेटतो त्या आजाराचा) विषय काढलाच तर बोलू. काढणारच. कोल्हापूर आहे.

रंकाळा_पहाटे

ताई, तो पोरगा मीच असल्यागत वाटलं. फक्त मी बावड्याचा.

पहाटे तीन-साडेतीनला कंबरेतनं जाग यायची. पडून राहिलं की वाढणार, उठून चाललं की उतरणार. म्हणून अंधारात रंकाळ्याला फेऱ्या मारायचो, लोकांना वाटायचं भरतीची तयारी चाललीय. तालमीत म्हणाले लचक भरलीय. एकानं पालथं झोपवून पाठीवर पाय देऊन काढली पण. एका ठिकाणी गादी बदला म्हणून सांगितलं, बदलली. शेवटी एक डोळा लालभडक झाला, उजेड सोसंना, आणि डोळ्याच्या डॉक्टरबाईंनीच उलटा प्रश्न टाकला, "कंबर दुखते का रे तुझी? सकाळी जास्त?" मग एचएलए-बी२७ (या आजारात बऱ्याचदा सापडणारी जनुकीय खूण) पॉझिटिव्ह, एमआरआयमधे कमरेखालचे दोन्ही सांधे सुजलेले. आता अ‍ॅडालिमुमॅब चालू आहे, फरक आहे. पण ते टीएनएफवालं ना? तुम्ही म्हणताय मेसेज १७ चा. मग मला १७ वालं का नाही?

मिरजेचा_डॉक

तुमच्या डोळ्यामुळे. या आजारात टीएनएफ अडवूनही कंबर सुधारते आणि १७ अडवूनही सुधारते. दोन्ही दारं उघडी असतात. मग बाकी काय काय आहे ते बघून निवड होते. डोळ्याच्या आतली सूज वारंवार येत असेल तर अ‍ॅडालिमुमॅब जास्त खात्रीचं. अंगावर सोरायसिसचे मोठे चट्टे असतील तर पारडं १७ कडे झुकतं. आणि आतड्याचा आजार असेल, म्हणजे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, तर १७ अडवणारं औषध टाळतात. आतड्याच्या अस्तराची राखण करायला तोच १७ नंबर लागतो; क्रोन्सवर सेक्युकिनुमॅब देऊन बघितलं तेव्हा रुग्णांचं बरं होण्याऐवजी वाईटच झालं होतं. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टर शौचाबद्दल खोदून विचारतात. लाजू नका, सांगा.

दोन गोष्टी आणखी. एक, पाठीवर पाय द्यायला परत कुणाला देऊ नका. या आजारात मणके जुळत गेलेले असतील तर ते ठिसूळ असतात, मोडतात. दोन, इंजेक्शन चालू असलं तरी व्यायाम बंद करायचा नाही. रंकाळ्याच्या फेऱ्या चालू राहू द्यात.

रंकाळा_पहाटे

वस्तादांना हा प्रतिसाद वाचून दाखवतो.

गुऱ्हाळवाला

ताईंनी बोलावलंच आहे तर आलो. अंगठा आमचा. रात्री झोपलो तो चांगला, पहाटे पायाचा अंगठा असा तापला की पांघरुणाचा सुद्धा स्पर्श नको. सगळे म्हणतात तांबडा-पांढरा बंद करा. मटण सोडलं, तरी परत आला. मग मटण सोडून काय मिळवलं?

जीवशास्त्रवाली

हा १ नंबरचा खेळ. युरिक अ‍ॅसिड रक्तात जास्त झालं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक बसतात. सफाई करणारी पेशी तो स्फटिक गिळते, पण पचवू शकत नाही. मग तिच्या आतलं इन्फ्लमॅसोम नावाचं यंत्र चालू होतं आणि १ नंबर धडाधड बाहेर पडायला लागतो. काही तासांत अंगठा लाल. स्फटिक आणि हे यंत्र यांचा संबंध २००६ साली उघड झाला. आजार हिप्पोक्रॅटिसच्या काळापासून माहीत, आणि पेटतो कसा ते कळायला एकविसावं शतक उजाडलं!

मिरजेचा_डॉक

मटणाबद्दल: युरिक अ‍ॅसिड वाढण्याचं मोठं कारण बहुतेकांत खाणं नसून मूत्रपिंडांनी ते पुरेसं बाहेर न टाकणं हे असतं. खाण्यानं फरक पडतो, पण थोडा. बिअर आणि गोड शीतपेयं यांनी मात्र चांगलंच वाढतं, आणि ती सोडायला कुणी सांगितलं की मंडळी मटणाकडे बोट दाखवतात.

खरी गोष्ट वेगळीच. आग विझवायची औषधं निराळी (कोल्चिसिन, सुजेच्या गोळ्या, थोडे दिवस स्टेरॉइड) आणि युरिक अ‍ॅसिड उतरवायची निराळी (अ‍ॅलोप्युरिनॉल, फेबुक्सोस्टॅट). दुसरी घेऊन आकडा ६ च्या खाली आणायचा आणि तिथंच ठेवायचा. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना उलट झटके येतात, म्हणून सोबत कमी डोसात कोल्चिसिन देतात. लोक नेमके तेव्हाच "गोळीनं वाढलं" म्हणून सोडून देतात. १ नंबर थेट अडवणारं कॅनाकिनुमॅब आहे, अमेरिकेत २०२३ साली गाऊटच्या झटक्यासाठी मंजूरही झालं, पण तुमच्या अंगठ्याला त्याची गरज नाही. कोल्चिसिनसुद्धा त्याच यंत्रावर काम करतं, आणि ते खिशाला परवडतं.

गुऱ्हाळवाला

म्हणजे रविवारी पांढरा रस्सा चालेल असं समजू का?

मिरजेचा_डॉक

वाटीभर. पातेलंभर नाही.

हळदपेठ_सांगली

एवढी जड नावं घेण्यापेक्षा आपली हळद का नाही? हळदीतलं कर्क्युमिन याच सगळ्या इंटरल्युकिनांना खाली आणतं असं वाचलंय. आमच्या पेठेतून जगभर माल जातो तो काय नुसता रस्स्याच्या रंगासाठी? शिवाय गुळवेल घेतली की प्रतिकारशक्ती वाढते.

जीवशास्त्रवाली

दादा, हळदीबद्दल वैर नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की टीएनएफ, सहा नंबर वगैरे खाली येतात हे खरं आहे. अडचण पोटात सुरू होते. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं आणि जेवढं जातं तेवढं यकृत लगेच बदलून टाकतं. भाजीत घाला, दुधात घाला, छान आहे. पण हाड पोखरणं थांबवेल म्हणून मेथोट्रेक्झेट (रुमॅटॉइडचं नेहमीचं पहिलं औषध) बंद करून हळद घेणार असाल तर मी तुमच्याशी भांडेन.

गुळवेलीचं म्हणाल तर आमचा आजारच मुळी प्रतिकारशक्ती नको तिथं जोरात चालल्याचा. ती आणखी वाढवून काय करू? २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, मेथोट्रेक्झेटमुळे आधीच ज्यांचं यकृत दर काही महिन्यांनी तपासावं लागतं त्यांनी ही जोखीम कशापायी घ्यावी?

बाजारभोगाव_रोड

हळद परवडली. आमच्या आईला बाजाराच्या दिवशी एक बाबा पुड्या देत होता. "शंभर टक्के झाडपाल्याची." आठवड्यात आई तुरुतुरु चालायला लागली, आम्ही त्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. मग चेहरा गरगरीत गोल झाला, साखर वाढली, मानेमागं गोळा आला. डॉक्टरनी बघताक्षणी सांगितलं, यात स्टेरॉइड आहे.

मिरजेचा_डॉक

आणि अशा वेळी पुडी एका दिवसात फेकून देऊ नका, हे मोठ्या अक्षरांत वाचा. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. डॉक्टरांना पुडी दाखवा, ते मोजून-मापून कमी करतील.

स्टेरॉइड वाईट असतं असंही नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आखडून पडलेल्या रुमॅटॉइडच्या बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५० चं नोबेल या कामासाठी हेंच यांनाही मिळालं. पण ते सगळ्याच ग्रुपांवरचे सगळेच मेसेज एकदम दाबतं, कामाचे सुद्धा. इंटरल्युकिनची औषधं निघाली ती त्यातला एकच मेसेज वेचून बंद करता यावा म्हणून.

शाहूपुरी_मावशी

सगळं पटलं हो, पण पैसे? विम्यावाले म्हणतात इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी घरी जाता, मग अ‍ॅडमिशन कुठंय. मुलगी म्हणते गोळी निघालीय म्हणे याच्यावर, इंजेक्शनइतकीच ताकदीची. टोफा काहीतरी. ती घेऊ का?

मिरजेचा_डॉक

मावशी, टोफासिटिनिब. सहा नंबरसकट बरेच इंटरल्युकिन पेशीच्या दारावर टकटक करतात आणि आतमध्ये जॅक नावाची विकरं तो निरोप पुढे नेतात. ही गोळी आत जाऊन जॅकलाच अडवते. २०१२ साली अमेरिकेत आली. आता आपल्याकडे बऱ्याच भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे इंजेक्शनांच्या मानानं स्वस्त पडते. गुणही चांगला येतो.

पण गोळी आहे म्हणून साधी समजू नका. पन्नाशीच्या पुढचे आणि हृदयविकाराचा एखादा तरी धोका असलेले रुग्ण घेऊन एक मोठी तुलना झाली. त्यात टीएनएफच्या इंजेक्शनांपेक्षा या गोळीवर हृदयविकाराचे झटके, रक्ताच्या गुठळ्या आणि काही कर्करोग जास्त दिसले, आणि २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ठळक चौकटीतला इशारा दिला. नागीणही जास्त उठते. तुमचं वय, बीपी, साखर, घरात कुणाला झटका आलाय का, हे बघूनच ठरेल. मुलीला गोळी मेडिकलमधून परस्पर आणू देऊ नका.

इंजेक्शनांतही आता स्वस्त पर्याय आहेत. अ‍ॅडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर (मूळ औषधाशी जवळपास तंतोतंत जुळणारी) आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडसनं आपल्याकडेच बाजारात आणली. टोसिलिझुमॅबचीही हैदराबादच्या हेटेरोनं काढली. मात्र या सगळ्याच्या आधी मेथोट्रेक्झेट नीट, पुरेशा डोसात, पुरेसे महिने घेऊन झालंय ना? निम्म्या लोकांचं खरं उत्तर "मधे मधे सोडलं होतं" असं असतं.

जीवशास्त्रवाली

आणि मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच! रोज नाही. वार ठरवा, कॅलेंडरवर गोल करा. रोज घेऊन रक्तपेशी कोसळल्यानं माणसं दगावलेली आहेत. मी वार बुधवार ठेवलाय. माझ्या एका मैत्रिणीनं 'मंगळवार मेथोट्रेक्झेट' असं पाठ करून मंगळवार धरलाय, ज्याची त्याची सोय. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी. मूल हवं असेल तर काही महिने आधी डॉक्टरांना सांगून हे बंद करावं लागतं, ते लग्न ठरवतानाच मनात असू द्या.

सून_आणि_सासूबाई

एक अनुभव लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सासूबाईंना महिन्यातून एकदा सलाईनमधून टोसिलिझुमॅब. सांधे छान. पावसाळ्यात थोडा खोकला, थकवा, जेवण कमी. ताप नाही. आम्ही ज्या दवाखान्यात नेलं तिथं रक्त बघितलं, सीआरपी नॉर्मल. "काही नाही, व्हायरल आहे, घरी न्या." दोन दिवसांनी धाप लागायला लागली तेव्हा एक्स-रे काढला, न्यूमोनिया अर्ध्या फुप्फुसात. ताप नाही आणि सीआरपी नॉर्मल, मग न्यूमोनिया कसा, हे मला आज या धाग्यावर कळतंय.

मिरजेचा_डॉक

बरोबर ओळखलंत. सीआरपी बनवायचा हुकूम सहा नंबर देतो, आणि तो हुकूमच अडवलेला. जंतू आत धुडगूस घालत असले तरी सीआरपी वर येत नाही, तापही दबतो. टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांत सीआरपीवर विसंबून "संसर्ग नाही" म्हणता येत नाही. सांध्याची सूजसुद्धा हातानं दाबून, मोजून बघावी लागते, नुसत्या रिपोर्टावर नाही. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हेच असू द्या, "हे इंजेक्शन चालू आहे." पाकिटात चिठ्ठी ठेवा.

पोटात अचानक जोरात दुखलं तरीही तसंच, वाट बघत बसू नका. या औषधावर आतड्याला छिद्र पडल्याच्या थोड्या घटना आहेत, आणि ताप नसल्यानं उशीर होतो. कोलेस्टेरॉल आणि पांढऱ्या पेशी अधूनमधून तपासायच्या. नागिणीची नवी लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते. ती जिवंत विषाणूची नाही, त्यामुळे या रुग्णांनाही देता येते. डॉक्टरांना विचारा.

रंकाळा_पहाटे

डॉक, मला सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि हातावर टीबीची सुई टोचलेली. ती सगळ्यांनाच करतात का?

मिरजेचा_डॉक

आपल्या देशात करावीच लागते. कितीतरी लोकांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू निपचित पडलेले असतात आणि शरीरानं त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण घातलेलं असतं. ते कुंपण टिकवायला टीएनएफ लागतो. तो अडवला की कुंपण ढासळतं. म्हणून टीएनएफच्या औषधांत ही भीती सगळ्यात जास्त. १७ च्या औषधांत बरीच कमी, त्यांचा त्रास म्हणजे तोंडात किंवा जांघेत बुरशी. कावीळ बी आणि सीचीही तपासणी करून घेतात.

पूरग्रस्त_गल्ली

माझा प्रश्न फ्रिजचा आहे. २०१९ च्या महापुरात आमच्याकडे दिवसेंदिवस लाईट नव्हती. मिसेसचं अ‍ॅडालिमुमॅब फ्रिजच्या दारात. खालच्या मजल्यावर पाणी, आम्ही वर, आणि ही दर तासाला फ्रिज उघडून इंजेक्शनला हात लावून बघतेय. शेवटी बोटीतून बाहेर पडलो तेव्हा दागिन्यांच्या डब्याआधी ते घेतलं. परत अशी वेळ आली तर?

जीवशास्त्रवाली

फ्रिज उघडायचा नाही, हे पहिलं. बंद फ्रिज बराच वेळ थंडावा धरतो. दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात मागच्या भिंतीला न चिकटवता ठेवा. २ ते ८ अंश हवं, आणि गोठलं तर ते वायाच गेलं, वितळवून वापरायचं नाही. म्हणून बर्फाच्या पिशवीला थेट टेकवायचं नाही, मधे टॉवेल. बाहेर किती टिकतं ते औषधागणिक वेगळं. मूळ अ‍ॅडालिमुमॅबला २५ अंशांपर्यंत चौदा दिवस चालतं, सेक्युकिनुमॅबला ३० अंशांपर्यंत चारच. तुमच्या कंपनीचं खोक्यातलं पत्रक फोटो काढून मोबाईलमधे ठेवा. पंचगंगेचं पाणी इशारा पातळीकडं निघालं की इंजेक्शन लाईट असलेल्या नातेवाइकांकडे आधीच पोचवा.

टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, थंडगार टोचलं की जास्त चरचरतं. गरम पाण्यात घालायचं नाही.

कागलची_आई

इथं सगळे मोठ्यांबद्दल बोलताहेत. माझी मुलगी सात वर्षांची. रोज संध्याकाळी ताप चढतो, १०३ पर्यंत, अंगावर गुलाबी पुरळ उठतं, ताप उतरला की पुरळ गायब. गुडघे सुजलेत. टायफॉइड, डेंगी, सगळं करून झालं. आता सिस्टेमिक ज्युव्हेनाइल आर्थ्रायटिस (लहान मुलांतला, सगळ्या अंगाला धरणारा संधिवात) म्हणालेत. स्टेरॉइड चालू केलंय आणि पुढच्या आठवड्यात टोसिलिझुमॅब द्यायचं म्हणताहेत. एवढ्याशा पोरीला हे द्यायचं?

मिरजेचा_डॉक

ताई, हो. या आजारात १ आणि ६ नंबर दोन्ही उधळलेले असतात, आणि लहान मुलांत ही औषधं फार चांगली लागू पडतात. टोसिलिझुमॅबला या आजारासाठी अमेरिकेत २०११ पासून मंजुरी आहे, दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी. मोठ्यांच्या रुमॅटॉइडमध्ये १ नंबर अडवणारं अ‍ॅनाकिन्रा २००१ साली आलं आणि बेतास बात ठरलं. तेच या मुलांत काही दिवसांत ताप उतरवताना दिसलं. स्टेरॉइड लवकर कमी करता येतं, आणि मुलीच्या उंचीसाठी ते फार महत्त्वाचं आहे.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. या आजारात क्वचित मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन नावाची अवस्था येते. संध्याकाळचा ताप दिवसभराचा होतो, मूल मलूल पडतं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात, फेरिटिन हजारांत जातं. ईएसआर (सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) तेव्हा खाली येतो, आणि रिपोर्ट बघणारे "सूज उतरली" म्हणून खूश होतात. टोसिलिझुमॅबवर ताप कमी दिसू शकतो, त्यामुळे रक्ताच्या आकड्यांकडे जास्त बघायचं. फेरिटिन केलंय का?

कागलची_आई

आज सकाळी रक्त दिलंय. परवाच्या रिपोर्टात प्लेटलेट दीड लाख होत्या, त्याआधी पाच लाख. लॅबवाले म्हणाले दीड लाख नॉर्मलच आहे. फेरिटिन उद्या मिळेल, आलं की इथं टाकते.

मिरजेचा_डॉक

इथं नको. या आजारात प्लेटलेट चढलेल्या असायला हव्यात, त्यामुळे पाचावरून दीडवर येणं नॉर्मल नाही, लॅबचा छापील आकडा काहीही म्हणो. तुमच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा, दोन्ही आकडे सांगा आणि लॅबला फेरिटिन आजच्या आज द्यायला लावा.

कागलची_आई

लावला फोन. सीपीआर हॉस्पिटलच्या चौकात भाऊ आहे, तो लॅबमध्ये जातोय. डॉक्टर म्हणाले रात्रीच घेऊन या. निघतोय.